तीन थरांचा साबण

ज्याचा माल, त्याचीच वेष्टनं, असा कायदा झाला. विकणाऱ्यानं ती परत घ्यायची आणि दरवर्षी कमीही करायची. साबणाच्या कारखान्यात थोरल्या भावानं ते हसण्यावारी नेलं. मग एका सकाळी नगरपालिकेची गाडी आली आणि त्यांचीच खोकी, चकचकीत कागद, आतली प्लास्टिकची आवरणं आवारात ओतून गेली. ऑफिसात जायला वाट उरली नाही.

"लोकांचा कचरा आपल्या गळ्यात," दादा करवादला.

"नाव तर आपलंच आहे त्यावर," बहीण म्हणाली. साबण बनवणं तिच्याकडे होतं, विक्री दादाकडे. "नुसती कागदी पट्टी लावूया."

"उघडा साबण मांडायचा? थरांमुळेच तर आपला माल उठून दिसतो."

ती संध्याकाळी वडिलांकडे गेली. हात धुताना पाहते तो काय, साबण दुसऱ्याच कंपनीचा! कारखाना उभा करणाऱ्या माणसाच्या घरात!

बाबा ओशाळले. "आपला उघडत नाही गं. बोटं वळत नाहीत. दातांनी फाडायला गेलो, तर कवळीच हातात आली."

तिला हसू आवरेना, आणि वाईटही वाटलं. "मग सांगायचं नाही का?"

"त्यानं हौसेनं काढलंय ते खोकं. मन कशाला मोडायचं?"

"आता तुम्हीच सांगा त्याला."

दुसऱ्या दिवशी बाबांनी सांगितलं. दादानं खोकं उघडलं आणि तो आतल्या आवरणाचं टोक नखानं शोधू लागला. त्यालाही ते चटकन सापडेना.

"लाव तुझी पट्टी," तो बहिणीला म्हणाला.

खोकं नसल्यानं पहिल्या मालाचे कोपरेच तुटले. तिनं साचे बदलून वडी गोल केली. दोन मोठ्या दुकानदारांनी तरीही पाठ फिरवली. दादा उरलेल्यांकडे स्वतः गेला. "आमच्या साबणाला झाकण्यासारखं काही नाही," असं म्हणून गिऱ्हाईक हसवायचा, माल खपवायचा. विक्री हळूहळू सावरली, परत येणाऱ्या वेष्टनांची पोतीही कमी झाली.

एकदा चहा पिता पिता दादानंच विषय काढला, "वडीचं झालं. आता बाटलीतल्या साबणाचं काय करायचं, ते बोल."

तिनं खुर्ची पुढे ओढली.