एक लांब, दोन आखूड

"सर, उद्यापासून मी येत नाही," पोरगी म्हणाली आणि आपली पांढरी काठी चाचपू लागली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं मी प्राचीन ग्रीक कवितेची वृत्तं शिकवतोय, आणि ही कालची पोर मला नारळ देणार? पण ओरडायची सोय नव्हती. वर्गात ती एकटीच उरली होती, म्हणून तर शिकवणी माझ्या घरीच चालायची. प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, हीसुद्धा गेली तर विषय बंद. म्हणजे मीही बंद.

"अडतंय कुठे?" मी राग गिळून विचारलं.

"तुम्ही म्हणता, एका लांब अक्षराला जेवढा वेळ, तेवढाच दोन आखूड अक्षरांना मिळून. एक लांब, दोन आखूड, अशा चालीनं ओळ पुढे जाते. आता मला दिसत नाही सर, फळ्यावरच्या खुणा मला काय कामाच्या? आणि ऐकावं, तर तुमची सगळी अक्षरं एकाच मापाची. पहिल्यावर नुसते आपटता."

"आपटतो? मी?" मी टेबलावर मूठ हाणत एक ओळ म्हणून दाखवली. पाण्याचा पेला लवंडला.

"हे काय, आत्ताच आपटलंत."

आतल्या खोलीतलं शिलाई मशीन थांबलं. बायको गळ्यात टेप अडकवून दारात आली. मला वाटलं, सांडलेलं पुसायला आली असेल. तिनं तीच ओळ म्हटली.

लांब अक्षर ताणलं, दोन आखूड झटकन टाकली, पुन्हा ताणलं. कुठे जोर नाही, हिसका नाही. मग दुसरी ओळ. मग तिसरी. जिला ग्रीकचं एक अक्षर वाचता येत नाही, जी दिवसभर लोकांचे कपडे शिवते, ती बाई! आई शप्पथ सांगतो, चाळीस ओळी म्हटल्या तिनं, आणि एकही चुकली नाही.

पोरीनं काठी खाली ठेवली होती.

"तुला हे शिकवलं कुणी?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"कुणी म्हणजे? अहो, तुम्हीच की. लग्न झाल्यावर वर्षभर रोज संध्याकाळी मशीनशेजारी स्टूल घेऊन बसायचात. माझ्या पायाच्या ठेक्यावर म्हणायचात. 'बघ, हे अगदी असंच चालतं,' म्हणायचात."

मी खूप आठवून पाहिलं. स्टूल आठवेना, संध्याकाळ आठवेना. आख्खं एक वर्ष! माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

"मग?"

"मग नोकरी कायम झाली. फळा आला, पेपर आले. तुम्ही म्हणायचं सोडलंत." तिनं सांडलेल्या पाण्यावर फडकं टाकलं. "मी नाही सोडलं."

मी लवंडलेला पेला उचलून सरळ ठेवला.

"काकू, उद्या किती वाजता येऊ?" पोरीनं विचारलं.

"पाचला ये. तेव्हा मी मशीनवरच असते."

"आणि सर?"

बायकोनं फडकं पिळलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"स्टूल आहे अजून," ती म्हणाली.