अकरा दिवसांची उद्योजक

‘उद्योजकाने आपला उद्योग स्वतः किमान तीन वर्षे चालवलेला असावा.’

हे वाक्य माझंच. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी, बाकीचे अभ्यासक काय लिहितात ते बघून, मी ते निकषांत टाकलं आणि विसरून गेले. सहाव्या वर्षी ते माझ्याच मानगुटीवर बसलं.

उद्योजकांच्या डोक्यात काय चालतं, याचा मी अभ्यास करते. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात मी एखाद्या माणसासमोर काल्पनिक अडचण ठेवते आणि म्हणते, आता मनात येईल ते मोठ्यानं बोला. तो बोलतो, मी रेकॉर्ड करते, आणि मग महिनोन्‌महिने त्याचं एकेक वाक्य सोलत बसते. झाशी आणि आसपासचे सहा उद्योग मी घेतले होते. बेतवाकाठच्या एरचचा होड्या बांधणारा, सदर बाज़ारातला सायकलवाला वगैरे पाच जणांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. सहावा उद्योग बबीन्याचा, आणि त्याच्यावर माझा जीव जडलेला.

बबीना म्हणजे छावणी. फौजी कुटुंब दोन-अडीच वर्षांनी बिऱ्हाड हलवतं आणि नव्या क्वार्टरमध्ये पहिली गोष्ट काय होते, तर जुने पडदे बसत नाहीत. कुठे वीतभर कमी, कुठे हातभर जास्त. अकरा वर्षांपूर्वी बकुळ नावाच्या, फौजेतल्या एका नायकाच्या बायकोनं जाणाऱ्यांचे पडदे ठेवून घ्यायला आणि येणाऱ्यांना मापात बसवून द्यायला सुरुवात केली. आज तिथं नऊ मशिनी आहेत आणि जवळच्या वस्तीतल्या बारा बायकांची घरं त्यावर चालतात. नवऱ्याची बदली झाली तशी बकुळ दोन वर्षांत गेली. जाताना तिनं सगळं दुसरीच्या हवाली केलं, फौजेत ज्याला हँडिंग-टेकिंग म्हणतात तसं रीतसर. दुसरीनं तिसरीला दिलं. आता पाचवी, सुरभी, चालवत होती.

म्हणजे उद्योग अकरा वर्षांचा, पण तीन वर्षं टिकलेली उद्योजक एकही नाही. आणि हे मला सहा वर्षांत खटकलं नव्हतं! इतकी हुशार मी.

समितीला मात्र खटकलं. प्रबंध जमा करण्याआधीचं सादरीकरण होतं. समोर तिघं बसलेले: लखनौहून आलेले बाहेरचे परीक्षक, आमच्या विभागप्रमुख मॅडम, आणि माझे मार्गदर्शक विश्वंभर सर. सरांचं मराठी घराणं झाशीत कित्येक पिढ्यांचं. सर माझे, पण बसले होते समितीच्या बाजूला, शरीरानं आणि मनानंही.

“शाल्मली, ये केस तो आपकी अपनी परिभाषा में नहीं बैठता,” मॅडम म्हणाल्या. “संस्थापक चली गई. बाकी सब मैनेजर हैं. उद्योजक कहाँ है?”

“ते प्रकरण वगळा, बाई,” सर मराठीत पुटपुटले. “उगाच हट्ट कशाला?”

हट्ट! वगळलं तर पाचच उद्योग उरत होते आणि मंजूर आराखड्यात सहा होते. नवा शोधायचा तर वर्ष जाणार. माझ्या नोंदणीची मुदत महिनाअखेर संपत होती, आणि वाढीव मुदत मी आधीच खाऊन बसले होते. थोडक्यात, ते प्रकरण गेलं की सहा वर्षं पाण्यात. सरांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांचा जास्तच राग आला.

“सर, वो मैनेजर नहीं हैं,” मी परीक्षकांना म्हणाले. माझा आवाज चढला होता. “मैनेजर तय किया हुआ काम सँभालता है. इनमें से हर एक ने कुछ नया खड़ा किया. वो सोचती उद्योजक की तरह हैं.”

परीक्षकांनी चष्मा काढला. माणूस अबोल होता, पण डोळे जागे होते. “सोचती हैं, तो सुनवाइए. अभी फोन लगाइए. सवाल मैं दूँगा, ताकि सिखाया-पढ़ाया न लगे.”

माझ्या जिवात जीव आला. सुरभी असल्या प्रश्नांना लोळवते. मी फोन लावला, स्पीकर चालू केला.

“हॅलो, पर्दे की दुकान,” पलीकडून कुणीतरी म्हणालं. आवाज सुरभीचा नव्हता.

“सुरभी कुठेय?”

“सुरभीताई गेल्या ना! बदलीची ऑर्डर अचानक आली. फोन दुकानाचा आहे, तो इथंच राहतो. मी स्वाती. चार्ज घेऊन अकरा दिवस झाले मला.”

मॅडमनी भुवया उंचावल्या. सरांनी कपाळाला हात लावला. अकरा दिवस! मला वाटलं, फोन ठेवावा, प्रबंध उचलावा आणि थेट घर गाठावं. पण परीक्षक तोवर टेबलावर पुढे वाकले होते.

“स्वाती जी, नमस्ते. मान लीजिए, कल से सरकार हर क्वार्टर में ब्लाइंड्स लगवा दे. पर्दे खत्म. अब क्या करेंगी?”

“सर, सोचके बोलूँ, के बोलते-बोलते सोचूँ?”

मी खुर्चीत ताठ झाले. माझी अख्खी संशोधनपद्धती त्या पोरीनं एका वाक्यात विचारली होती.

“बोलते-बोलते,” परीक्षक म्हणाले.

चार वाक्यं ती हिंदीत बोलली. मग डोकं तापलं तशी हिंदी सुटली आणि साताऱ्याकडची मराठी सुरू झाली. “आधी हाताशी काय हाय ते बघीन. बारा बायका, नऊ मशिनी. रामकलीदीदी खिडकी नुसती बघून माप सांगतात, असला डोळा मला दुसरीकडं कुठं मिळणार? ते ब्लाइंड्स आज लागले की उद्या त्यांच्या दोऱ्या तुटणार. ते दुरुस्त करायचं शिकून घेऊ. पर त्यानं बारा जणींचं पोट भरायचं न्हाई.”

परीक्षकांना मराठी येत नव्हती. ते सरांकडे बघायला लागले. सर नाइलाजानं भाषांतर करू लागले, सरकारी सुरात.

“मग दुसरं. आमच्याकडं बायका काय नुसत्या पडद्यापायी येतात? मी आले तवा मला इथं कुत्रंबी ओळखत नव्हतं. शाळा कुठली, दूध कुणाचं, लेकराला ताप आला तर डॉक्टर कोण, हे मी माप देता देता रामकलीदीदींना विचारलं. म्हणजे आम्ही विकतो काय? घर लावून देतो! तर मग ट्रक उतरला की आमच्या चौघी जातील. तीन दिवसांत घर लावलेलं, डबा आलेला, शाळेचा फॉर्म भरलेला.”

सरांचा सरकारी सूर आता सुटला होता. ते खुर्चीतून अर्धे उठले होते आणि हात हलवून सांगत होते, “कह रही है कि पर्दा तो बहाना है! वो लोग घर बसाते हैं, सर, घर!” मी सहा वर्षांत त्यांना एवढ्या आवाजात बोलताना पाहिलं नव्हतं.

“न्हाईच जमलं तर जास्तीत जास्त काय होईल? दोन महिने मशिनी थंड. तेवढं सोसंल. तोवर झाशीला इलाइट चौराह्याजवळच्या होस्टेलांच्या उशांच्या खोळी शिवू. पर हे मी एकटी ठरवणार न्हाई. माझ्याआधीच्या पाच जणी पाच गावांत हायेत. त्यांना फोन लावीन. कुणाकडं तरी ब्लाइंड्स आधीच आले असतील, ती सांगंल काय झालं ते.” मग हिंदीत म्हणाली, “और सर, अपने बाद वाली अभी से ढूँढ रही हूँ. हमारा तो ऐसा ही है.”

मी फोन ठेवला. पहिल्या बोलल्या त्या मॅडम. “लड़की तेज़ है, मानती हूँ. लेकिन एक तेज़ लड़की से सिद्ध क्या होता है?”

आता माझी पाळी होती आणि आता मी घाबरत नव्हते. मी प्रबंधाचं परिशिष्ट उघडलं आणि बकुळची मुलाखत पुढे ठेवली. ती मी फोनवरून घेतली होती, प्रश्न कापडाच्या टंचाईचा. तिच्याशेजारी सुरभीची ठेवली, गेल्या वर्षीची, प्रश्न जागा सोडावी लागण्याचा. दोघी एकमेकींना कधी भेटलेल्या नाहीत. तरी दोघींनी आधी हाताशी काय आहे ते मोजलं, मग ओळखीची माणसं आठवली, मग किती नुकसान सोसवेल ते ठरवलं, आणि शेवटी दुसऱ्या बायकांना विचारायचं म्हटलं: सुरभीनं आधीच्या चौघींना. बकुळच्या आधी कुणीच नव्हतं, म्हणून तिनं शेजारणींना विचारलं होतं. स्वातीनं आत्ता तेच, त्याच क्रमानं केलं होतं.

“मॅडम, हे शिकवायला त्यांच्याकडे पुस्तक नाही, वर्ग नाही,” मी हिंदीत सांगितलं. “एक महिना शेजारी बसून पुढची बाई हे उचलते. स्वातीला तर तेवढाही वेळ मिळाला नसणार. मी वर्षानुवर्षं एक माणूस शोधत राहिले आणि जे शोधायचं होतं ते माझ्या नाकासमोर एका हातातून दुसऱ्या हातात जात होतं. चूक त्यांची नाही, माझ्या निकषाची आहे.”

मग मी पेन घेतलं आणि तीन वर्षांचं ते वाक्य चारही प्रतींत खोडून टाकलं. सदर बाज़ारात आदल्याच दिवशी बांधून घेतलेल्या, कोऱ्या करकरीत प्रती! पण इतकं बरं मला त्या सहा वर्षांत वाटलं नव्हतं.

परीक्षकांनी खोडलेली ओळ पाहिली. मग त्यांनी अनुक्रमणिका उघडून सहाव्या प्रकरणावर बोट ठेवलं. “इसे हटाने का सवाल ही नहीं उठता. इसे पहला अध्याय बनाइए. बाकी पाँच को इसके पीछे खड़ा कीजिए.”

मॅडमनी सही केली. सरांनीही केली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “मी चुकलो हो, बाई. पुष्कळच चुकलो.” एरवी मी दोन शब्द सुनावले असते. पण ज्या माणसानं नुकताच पडद्यांसाठी जीव तोडून दुभाष्याचं काम केलं, त्याच्यावर रागावणार कसं? मी वाकून नमस्कार केला आणि धावत बाहेर पडले.

ऑटोत बसल्या बसल्या बाबांना फोन केला, रडले, हसले, परत रडले. ऑटोवाल्या भैयानं आरशातून दोनदा बघितलं. इलाइट चौराह्यावर गाडी अडकली तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला.

“ताई, मी सुरभी! नंबर बदलला. मधे गावी थांबून परवाच जोधपूरला पोचले. तुमचं काय झालं?”

“झालं, सुरभी! पास झालं! तुम्ही सगळ्या झालात!”

“अय्या, छान! मग ऐका ना. इथल्या खिडक्या लांबोड्या आहेत. माझे पडदे अर्ध्यावरच लोंबतायत. शेजारणीचे लोळतायत. आज सकाळी ब्लॉकमधल्या सातजणींना चहाला बोलावलं, प्रत्येकीला आपापले पडदे घेऊन यायला सांगितलं. दोघींकडे मशीन आहे. तुम्हाला काय वाटतं, जमेल?”

मी भर चौकात “जमेल!” म्हणून एवढ्यानं ओरडले की शेजारच्या स्कूटरवाल्यानं दचकून हॉर्न वाजवला. मग मांडीवरची प्रत उघडली आणि उद्योगांच्या तक्त्याखाली उरलेल्या जागेत लिहिलं: सातवा उद्योग, जोधपूर, वय एक दिवस.