जाळीची लेन्स

नाथाजीच्या पत्राला धनपालनं उत्तर दिलंच नव्हतं. दोघं सांगलीत एकाच शेडमध्ये स्टीलच्या दूधटाक्या वेल्डिंगनं जोडायचे. मग नाथाजी साताऱ्याला गेला. तिथून त्यानं पत्रात विचारलं होतं, "गड्या, कोपऱ्यातला सांधा काळा पडतोय. आर्गन गॅसच्या वेल्डिंग टॉर्चच्या तोंडाला कुठला कप लावू?"

उत्तर सोपं होतं. पण ते कळलं की नाथाजीला आपली गरज उरणार नाही, म्हणून धनपाल गप्प राहिला.

दिवाळीत नाथाजीबरोबर साताऱ्यात काम करणारा केरबा भेटला. "नाथाजी अजून काळे सांधे घासतोय रं. म्हणतो, धनपाल कळवंल."

त्याच दिवशी धनपालनं लिहिलं, "मोठा कप लाव, आत जाळीची लेन्स घाल, म्हंजी गॅस सरळ पडतो, सांध्याला हवा लागत न्हाई. सांधा चकचकीत आला तरी एकदा मला तिकडं बोलाव, गड्या."

पाकीट टपालपेटीत टाकल्यावरही त्याचा हात तिथंच रेंगाळला.