दहातली एक

तेजश्रीने मशिनमधून निघालेलं तिकीट सुकन्या मॅडमच्या हातात ठेवलं आणि त्याखाली घडी घातलेला कागदही सरकवला.

“सापडली,” ती म्हणाली. तिचा श्वास फुलला होता.

बारामतीहून सुटलेली एसटी नुकतीच शहराबाहेर पडली होती. सुकन्या इंदापूरच्या एका कॉलेजात गणित शिकवायची आणि रोज याच गाडीने जायची. सोमवारी तिने कंडक्टर तेजश्रीला गंमत म्हणून एक कोडं घातलं होतं. शून्य ते नऊ हे दहाही अंक एकेकदाच वापरून अशी संख्या बनवायची, की तिच्या पहिल्या दोन अंकांची संख्या दोनाने भागली जाईल, पहिल्या तिनांची तिनाने, पहिल्या चारांची चाराने, असं थेट दहापर्यंत.

सुकन्याने घडी उघडली. ३८१६५४७२९०.

“बरोबर आहे,” ती हसली. “मोबाइलवर शोधलंस?”

तेजश्री वळली आणि मागच्या सीटांपर्यंत तिकिटं देत गेली. सुट्ट्या पैशांवरून रोज होणारी तिची थट्टामस्करी आज ऐकू आली नाही. सुकन्या कागद हातात धरून बसली.

निमगाव केतकी जवळ आलं तेव्हा तेजश्री परत येऊन उभी राहिली.

“मॅडम, कॉलेजात असताना मी पेपरात नुसतं उत्तर लिहिलं होतं. सर म्हणाले, कॉपी केली. मी परत गेलेच न्हाय.” तिने कागद ओढून घेतला आणि उलटा केला. मागची बाजू बारीक आकड्यांनी भरली होती. “म्हणून ह्या टायमाला समदं लिवलंय. बघा. पाचवा अंक पाचच, शेवटचा शून्यच. सम जागी सम अंक. चौथ्या जागी दोन न्हायतर सहाच बसतो, आठव्या जागीबी तसंच. मग चार आन् आठ कुठं जाणार? दुसऱ्या आन् सहाव्या जागी! असं चाळत गेलं की दहाच संख्या उरत्यात.”

“दहाच?”

“दहाच! मग दहाही संख्यांचे पहिले सात अंक घेतले आन् सातानं भागले. नऊ गळाल्या. म्हंजे ही एकच हाय, मॅडम. जगात दुसरी न्हाईच!”

गाडी थांब्यावर उभी होती. माणसं चढून बसलीसुद्धा.

“अगं बेल दे की!” ड्रायव्हर जोतीरामतात्या ओरडले.

तेजश्रीने घाईने दोरी ओढली, पण बोट कागदावरून हललं नाही. सुकन्या त्या बोटाखालचे भागाकार एकेक करून तपासत होती. चौथ्या भागाकाराशी ती स्वतःच पुटपुटायला लागली, सातव्याशी तिने मांडीवर थाप मारली.

“तुमची रीत ह्याच्याहून सोपी असंल,” तेजश्री जरा ओशाळून म्हणाली.

सुकन्याने मान वर केली.

“माझी रीत नाही गं. मी हे कधी सोडवलंच नव्हतं. उत्तर मोबाइलवर वाचलं होतं.”

मग सुकन्याने शेजारच्या सीटवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.

“बस. ते चौथ्या जागेचं पुन्हा सांग. सावकाश.”

मागून कुणीतरी तिकिटासाठी हात वर केला.

“आले, आले,” म्हणत तेजश्री खाली बसली.