पडद्याच्या मागची बैठक

मित्रांनो, ज्याच्याकडे तोंड करून कराडपासून पार खंडाळ्यापर्यंतची माणसं हसली आणि रडली, तो जुना पडदा मीच. खिडकीचा नव्हे, सिनेमाचा. नाथाजी शिंप्यानं मांजरपाटाचे सहा पट्टे जोडून मला कराडात शिवलं, त्याला आता साठ वर्षं होतील. मी उभा जन्म माणसांची तोंडं समोरून पाहिली आहेत. त्यामुळे माणसांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमचा तंबू होता. जत्रा असेल त्या गावी जायचं, बांबू रोवायचे, मला मधोमध ताणायचं. दर पंधरवड्याला नाथाजी मला कृष्णेत धुऊन नीळ द्यायचा. तेवढा एक माणूस बरा होता. माझ्या पुढच्या बाजूला पुरुष बसत आणि पाटलांसाठी खुर्च्या असत. मागच्या बाजूला बायका बसत, आणि ज्यांना मालक पुढे बसू देत नसे ती माणसं. मागून चित्र उलटं दिसायचं. तिकडचा नायक डावखुरा आणि तिकडची अक्षरं आरशातली. मालक पैसे मात्र सुलटेच घ्यायचा.

एका गावी मागच्या माणसांत येसू नावाची एक मुलगी असे. चौथीत होती. सिनेमाच्या नावांची पाटी सुरू झाली की ती उलट्या अक्षरांवरून उजवीकडून डावीकडे बोट फिरवत नावं लावायची आणि शेजारच्या बायकांना मोठ्यानं वाचून दाखवायची. पुढे बसलेले शिकलेसवरलेले लोक त्या वेळी विडी पेटवत असत. मागची सगळीच माणसं गुणी होती असंही नाही. शेंगांची फोलपटं तिथंही पडायची आणि तेलकट हात माझ्याच काठाला पुसले जायचे.

पुढे घरोघर टीव्ही आला आणि तंबू मोडला. लालासाहेबांनी मला विकत घेतलं. लालासाहेब म्हणजे येसूच्याच गावातले मोठे बागायतदार. त्यांनी माझ्यावर शिजवलेली हळद वाळवली. माझ्या डाव्या कोपऱ्यात पिवळा डाग आहे तो त्याचाच. मग मला गुऱ्हाळाच्या माळ्यावर फेकलं, तिथं उंदरांनी माझा एक काठ खाल्ला. अलीकडे मात्र लालासाहेब येईल त्या पाहुण्याला माळा दाखवून सांगतात की, आपण हा ठेवा पोटच्या पोरासारखा जपला. पोटच्या पोरांना ते कसं जपतात ते मला माहीत नाही.

मला तिथून काढलं मायानं. माया ही येसूची नात. येसू आता सत्तरीला टेकलेली येसूबाई झाली आहे. माया पुण्यात नोकरी करते. तीन वर्षं, सुट्टीच्या दिवशी, मागून आणलेल्या कॅमेऱ्यानं तिनं आजीवर चाळीस मिनिटांचा सिनेमा केला. येसूबाई गावची सुईण होती. गावातली निम्मी माणसं तिच्या हातांवर जन्मली, आणि त्यातली बरीचशी रस्त्यात भेटली की दुसरीकडे बघतात. शहरातल्या दोन महोत्सवांनी मायाला कळवलं की सिनेमा चांगला आहे, पण आमच्या चौकटीत बसत नाही. चौकटी मीही पाहिल्या आहेत, त्यांना वाळवी लागते.

मायाला घाई होती. येसूबाईला काचबिंदू झाला होता. गेलेली नजर माघारी येणार नाही आणि उरलेली फार तर चार महिने टिकेल, असं कराडच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. आजीनं आपला सिनेमा एकदा तरी मोठ्या पडद्यावर, आपल्या गावात, आपल्या माणसांत बसून बघावा, एवढंच तिला हवं होतं. माया लालासाहेबांकडे आली. त्यांनी मला तिच्या हवाली केलं आणि शाळेचं पटांगणही मिळवून दिलं. फक्त कार्यक्रम नीट झाला पाहिजे, असं बजावलं.

मित्रांनो, आमच्या भागात कार्यक्रम नीट होणं म्हणजे सत्कार होणं. प्रमुख पाहुणे म्हणून तालुक्याचे पुढारी उदयसिंह आले. त्यांच्यासाठी मंडळाच्या पोरांनी स्वागताचा फ्लेक्स छापून आणला आणि तो दिसेल असा कुठे लावायचा, तर माझ्या छाताडावर. काठाला काठ लावून बांधला. हात जोडलेले उदयसिंह, खाली लालासाहेब, त्याखाली तिकिटाएवढी तोंडं असलेली सतरा पोरं. सिनेमाचं नाव आणि येसूबाईचं नाव कुठेच नव्हतं.

सात वाजता सुरू व्हायचं होतं. सात ते पावणेनऊ सत्कार चालले. पाहुण्यांचा झाला, पाहुण्यांबरोबर आलेल्यांचा झाला, सूत्रसंचालकाचा झाला, ज्यानं लाउडस्पीकर आणला त्याचा झाला. नारळ संपले तेव्हा आधीच्या सत्कारांतले दोन मागून घेतले. येसूबाई समोर सतरंजीवर बसून होती. तिचा सत्कार करायचा राहून गेला, हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

शेवटी मायानं मशीन लावलं आणि फ्लेक्स उतरवायला सांगितलं. पोरं एकमेकांच्या मागे सरकली. मंडळाचा शिवतेज हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, सायेब समोर बसल्यात. त्यांच्या देखत त्यांचा फोटू खाली कोण उतरवनार?"

लालासाहेब घड्याळाकडे बघू लागले. उदयसिंह फोनवर बोलत होते. फ्लेक्स खाली यायला वरची एक सुतळी सोडायची होती, आणि तिथवर मायाचा हात पोचत नव्हता. पण अख्ख्या पटांगणात सुतळी सोडायला एक हात मिळाला नाही. मी लय शूर माणसं पाहिली आहेत, पडद्यावर.

कुणीतरी तसंच चालू करा म्हणालं. मायानं चालू केलं. येसूबाईचा चेहरा उदयसिंहांच्या मिशांवर उमटला. तिचे हात लालासाहेबांच्या कानांत गेले. पोरं खिदळली, मग मोठी माणसं हसली. येसूबाईनं डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं आणि शेजारच्या मंगलला विचारलं, "ह्ये कोण गं?" तिला स्वतःचं तोंड ओळखू येत नव्हतं. मायानं मशीन बंद केलं. ती रडत होती, पण पाठ करून रडत होती.

तेव्हा येसूबाई उठली. सतरंजीचं टोक धरून ती ओढत निघाली, मला वळसा घालून माझ्या मागच्या बाजूला गेली आणि मातीत सतरंजी अंथरून बसली. तिथं फ्लेक्स नव्हता. तिथं मी होतो, हळदीच्या डागासकट.

"माये, मशीन हिकडं आण," ती म्हणाली. "मी पयल्यापासनं हितंच बसती. मला ठावं हाय हितनं कसं दिसतं."

आधी मंगल गेली. मग बायका, मग पोरं, मग टोप्या सावरत म्हातारे. मायानं मशीन उचलून मागे नेलं. पुढे राहिले खुर्च्यांवरचे पाहुणे आणि त्यांच्यासमोर त्यांचेच फोटो. त्यांच्या आवडीचंच दृश्य होतं ते, त्यामुळे त्यांना काही कमी पडलं नसावं.

सिनेमा सुरू झाला. पहिली पाटी आली. येसूबाईचं बोट सवयीनं उजवीकडून निघालं, थबकलं, आणि पुन्हा डावीकडून सुरू झालं. मग तिनं जुन्या वेळेसारखंच मोठ्यानं वाचलं, "ये-सू-बा-ई." थोडं थांबून ती मायाला म्हणाली, "आज अक्षरं सुलटी हायती गं."

मी कुणासाठी हळवा होत नाही. पण त्या वेळी माझी शिवण हलली.

सिनेमात मध्येच येसूबाई सांगते की आमच्या गावचा उदयसिंह पायाळू जन्मला, रडेना, मग तिनं त्याला उलटा धरून पाठीवर चापट मारली. मागे हशा पिकला. पुढे उदयसिंहांनी आपलं नाव ऐकलं आणि फोन बाजूला केला. मग ते उठून माझ्या काठाशी आले आणि डोकावले. कुणी सरकून जागा दिली नाही. खांद्यावर शाल आणि दोन्ही हातांत नारळ घेऊन ते शेवटपर्यंत उभे राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यांना वाजवता आल्या नाहीत, नारळ ठेवायचे कुठे ते सुचलं नाही म्हणून. त्यांचा पहिला सत्कार याच बाईनं केला होता, आणि तो त्यांच्या पाठीवर झाला होता.

मित्रांनो, आता मी शाळेच्या कपाटात घडी होऊन पडलो आहे. मला जपा असं मी तुम्हाला विनवणार नाही, माझं काय, उंदीर आहेतच. पण कधी सिनेमा दाखवाल तेव्हा माझ्यावर कुणाचा फोटो बांधू नका, आणि कुणी बांधलाच तर सुतळी सोडायला शिका. येसूबाईची नजर आता गेली. मंगल सांगते, ती रोज संध्याकाळी अंगणात बसते आणि हवेत बोट फिरवते, डावीकडून उजवीकडे.