मागच्या चुलीवरचा मासा

थर्माकोलच्या डब्याचं झाकण करकरत निघालं आणि दुपारी गपगार पडलेल्या घराला जाग आली. डिंपलनं बर्फातून पांढराशुभ्र तुकडा काढून ताटलीत ठेवला.

"रहू हाय, आई. पन तळ्यातला नाही. आमच्या लॅबमदी वाढवेल हाय."

सरस्वतीबाई लेकीच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. नात छकुली ताटलीला नाक लावून बसली. छकुलीची आई, पुष्पांजली, भेंड्या चिरत होती. तिनं नुसती मान वर केली.

पेशी म्हणजे काय, हे डिंपलला याच वहिनीनं शिकवलं होतं. नवी नवरी असताना पुष्पांजली बारावीतल्या नणंदेच्या वेण्या घालता घालता तिचं जीवशास्त्र घोकून घ्यायची. पुढं एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला छकुली पोटात आली आणि कॉलेजला नेणारी बुलडाण्याची एसटी सुटली ती सुटलीच. आता डिंपल हैदराबादहून सुटीवर येते, आणि सासूबाई धाडच्या बाजारात भेटेल त्याला सांगत सुटतात, "माही पोरगी सायंटिस हाय!" ते ऐकलं की पुष्पांजलीच्या काळजात बारीक काहीतरी सलत राही. छकुलीचा पापा घेऊनही ते जात नसे.

"मी आतच तळतो," डिंपल म्हणाली.

सरस्वतीबाई दचकल्या. या घरात मटण-मासळी शिजायची ती मागच्या अंगणातल्या चुलीवर, जर्मनच्या वेगळ्या भगोण्यात. आतल्या गॅसला तिचा वासही लागला नव्हता.

"अवं, कोनाचा जीवच गेला नाही यात! जित्या माशाच्या शेपटीजवळून इवलासा कण काढला अन् त्याले पुन्हा पान्यात सोडलं. तो कण वाढवत नेला, बस."

"तुह्यं मले काई समजत नाही बाई." सरस्वतीबाई सुनेकडे वळल्या. "पुष्पे, तूबी हेच शिकेल हायेस, अन् तू खोटं बोलत नाहीस. तूच सांग, जीव गेला का नाही? तू नाही म्हन, मी सोता गॅसवर तवा ठेवतो."

जीव गेला नाही, हे पुष्पांजलीला ठाऊक होतं. डिंपलनं सांगितलं त्याहून जास्त ठाऊक होतं, आणि तेच तर टोचत होतं. एक 'नाही' म्हणायचा अवकाश, की देवघराला लागून असलेल्या गॅसवर डिंपलचा मासा तळला जाणार होता. जे आजवर कुणाला जमलं नाही, ते तिला जमणार होतं. तेही आपल्या शब्दावर.

"गेला आसंल," भेंडीचं देठ उडवत ती म्हणाली. "मांस हाय म्हनल्यावर जीव गेलाच ना."

"वयनी!" डिंपलचा आवाज फुटला. "हे तू म्हनून राह्यली? तू?"

पुष्पांजलीनं नजर वर केली नाही. सरस्वतीबाईंनी ताटली उचलली, मागचं दार उघडलं. डिंपल काडेपेटी घेऊन आईमागून गेली. बाहेर काटक्या मोडल्याचा आवाज आला, मग धूर आत येऊ लागला. पुष्पांजलीला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. भेंड्या मात्र कधीच संपल्या होत्या, आणि ती देठंच चिरत बसली होती.

छकुली तिच्या मांडीला येऊन टेकली. तिच्या कपाळाला आठ्या होत्या.

"आई, आत्या त म्हने त्याले पान्यात सोडलं," ती म्हणाली. "मंग मेला तो कोनता मासा?"