बर्फावर धरलेलं इंजेक्शन

भिलाईच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन असलेला माणूस घरातला बल्ब बदलायचा तरी सोहळा करतो. अमरदीप रामटेके तर त्यातला मेरुमणी. क्वार्टरसमोर त्याची जुनी फोर-बाय-फोर जीप उभी असायची. जंगलात चार वेळा गेली असेल, बाकी आयुष्य दुरुस्तीत गेलं. त्या जीपमध्ये तो आता फ्रिज बसवायला निघाला, तेव्हा शेजाऱ्यांना आयताच विषय मिळाला. "अब इसमें पलंग भी डाल लो, भैया!"

अमरदीप हसून सोडून द्यायचा. खरं कारण त्याला आणि त्याच्या बायकोला, प्राचीला, एवढंच ठाऊक होतं; घरात असलेल्या आईलाही सांगितलं नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. रायपूरच्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनचे पेन दिले होते. बीज वाढावं म्हणून रोज संध्याकाळी पोटात टोचायचे आणि कायम थंड ठेवायचे. नेमकं त्याच दिवसांत देवरीच्या पलीकडच्या गावात प्राचीच्या मावसभावाचं, पीयूषचं लग्न आलं. न जावं तर नातेवाईक नावं ठेवणार. जावं तर पेन ठेवायचे कुठे? लग्नघरच्या फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी ते दिसले की जेवणाच्या पंगतीत त्याचीच चर्चा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग अमरदीप कामाला लागला. दुकानात गाडीत ठेवायचा स्वस्तातला कूलर-डबा त्यानं हातात घेऊन परत ठेवला. "हा बाहेरच्या हवेपेक्षा थोडासा गार राहते, बस. मे महिन्यात बाहेर भट्टी पेटली की याच्या आत तवा. कॉम्प्रेसरवालाच पाहिजे." इंजिनच्या बॅटरीवर फ्रिज चालवला तर सकाळी गाडी ढकलावी लागेल, म्हणून मागच्या सीटखाली दुसरी बॅटरी बसवली. गाडी चालली की ती भरायची, उभी राहिली की फ्रिजला पुरायची. जाड वायर, बॅटरीजवळ फ्यूज, सगळं चोख. एवढ्यावर थांबला असता तर देव पावला असता. पण यानं बॅटरी आणि फ्रिजच्या मध्ये एक मोठा लाल खटका बसवला. दुकानदार म्हणाला, फ्रिजवर बटण आहेच की. अमरदीप म्हणाला, "खटक्याशिवाय लाइन म्हणजे दरवाज्याशिवाय घर." अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो असा.

कारखान्यात त्याला पहिल्या दिवसापासून शिकवलं होतं की मशीन सोडून हलायचं तर आधी खटका बंद. त्याच्यासमोर एका सोबत्याचा हात गेला होता. तेव्हापासून ती शिकवण डोक्यातून उतरून बोटांत गेली होती.

लग्नाच्या गावी ते दुपार व्हायच्या आधी पोचले. आंब्याच्या सावलीत मोटरसायकलींची गर्दी, म्हणून जीप उन्हातच लावावी लागली. मावशी "आले, आले!" करत धावत आली. अमरदीपनं चावी काढली, मागून पिशव्या घेतल्या, आणि त्याचा हात लाल खटक्यावर गेला. खट्. डोक्याला त्याची खबरही नव्हती.

संध्याकाळी प्राचीनं मांडवातून खूण केली तसा तो पेन आणायला गेला. फ्रिजवरचा आकडा विझलेला. खटका चालू केल्यावर आकडा उजळला तो एकोणचाळीस अंश. उन्हाळ्यात अंगणात ठेवलेल्या बादलीतलं पाणी असतं तसा पेन हाताला लागला.

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण प्राची किती दिवसांनी हसत होती! थोडं गरम झालं तर काय होते, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि ते खोटं आहे हे त्याला सांगतानाच कळलं. मांडवामागे सरबतासाठी बर्फाची लादी कोंड्यात झाकून ठेवली होती. त्यानं पेन रुमालात गुंडाळला आणि लादीवर धरून बसला.

"बाप्पा, किती थंडगार!" प्राची म्हणाली. "तुमच्या फ्रिजले मानलं मी."

मग सगळे पांढऱ्या कपड्यांत हात जोडून पंचशील म्हणायला उभे राहिले. खोटं न बोलण्याचं शील आलं तेव्हा अमरदीपचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. त्याला स्वतःची लाज वाटली.

भिलाईला परतल्यावर गुपचूप नवे पेन आणता आले असते. तेही त्यानं केलं नाही, कारण आणायचे तर आधी स्वतःशी कबूल करावं लागलं असतं. प्राची रोज टोचत राहिली. पहिल्या सोनोग्राफीत बीज वाढलंच नव्हतं. बाईंनी डोस वाढवला, तोही त्याच पेनांतून. आज दुसऱ्या सोनोग्राफीनंतर त्यांनी हात टेकले. "बॉडी रिस्पॉन्स ही नहीं दे रही. दुसऱ्या बाईचं बीज घेण्याचा विचार करा," म्हणाल्या.

रायपूरहून परतताना वाटेवरच्या कुम्हारीत उसाच्या रसाच्या गाडीजवळ प्राचीनं जीप थांबवायला लावली. रस आला, पण तिनं तोंडाला लावला नाही.

"माझ्यातच नाही तं औषध काय करन?" ती म्हणाली. "मी मनाची तयारी करून राहिली. तुम्हाले दुसरी करायची असन तरी सांगा. मी आडवी नाही येणार."

अमरदीपला तोंडात मारल्यासारखं झालं. त्यानं हातातला ग्लास खाली ठेवला.

"प्राची, औषधच खराब होतं. लग्नाच्या दिवशी मी खटका बंद केला. सवयीनं. दिवसभर पेन उन्हात तापले."

ती बघतच राहिली. मग तिचा चेहरा असा उजळला, की त्याला खाली बघावं लागलं.

"म्हणजे माझ्यात खराबी नाही?"

"असं कोणी म्हणूच शकत नाही. औषध लागलंच नाही तुले."

ती रडता रडता हसली. ओढणीनं तोंड पुसलं, त्याचा हात धरला. "अहो, भूल तं कोणाची बी होते. एवढं कायले घाबरता?"

माफी मिळाली होती. विषय तिथंच थांबला असता तर पचलीही असती. पण प्राचीच्या कपाळाला हळूच आठी पडली.

"पण पेन तं थंड होता."

"बर्फावर धरला होता मी."

"म्हणजे तुम्हाले तवाच माहीत होतं?"

"हाव."

तिनं हात काढून घेतला. तो हात आपोआप पोटावर गेला. सुयांचे निळे डाग अजून गेले नव्हते.

"मंग मी रोज कायची सुई टोचून राहिली होती?" तिचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. "तुम्ही बाजूले बसून फुंकर घालत होते. रोज."

ती जीपमध्ये जाऊन बसली.

"फिरवा गाडी. रायपूरले चला. बाईंले तुम्ही सांगा, माझ्यासमोर."

"सांगतो."

"अन् घरी गेल्यावर तुमच्या आईंले."

"आईले कायले?" तो दचकला. "तिले तं यातलं काहीच माहीत नाही."

"माहीत आहे. आज सकाळी निघताना मीच सांगितलं. म्हटलं, माझ्यामुळे तुमच्या घरात लेकरू नाही. पायावर डोकं ठेवून माफी मागतली." प्राची समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होती. "त्यांनी केलं मले माफ."